झरीच्या बावीस नळ्या

बंगलोर
८ जानेवारी १९८९

सौ. अंबिकावहिनींस सा. न. वि. वि.

संक्रांतीच्या आत पोचावं म्हणून घाईत लिहिते. वहिनी, शेवटी जमलं. सोबतचा फोटो बघा. काळ्यावर जे पांढरे गोल दिसतात ना, ते माझे. दोन वर्षं त्यांच्याच मागे होते.

दादा पत्र मोठ्याने वाचतो आणि आई ऐकते, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही सोपं करून लिहिते. माणसाच्या काविळीचा एक विषाणू आहे. त्याच्या आतल्या कवचाचं प्रथिन आम्ही जिवाणूंकडून करवून घेतो. हे प्रथिन तयार झालं की कुणी हात न लावता आपलं आपण जुळतं आणि त्याची पोकळ गोळी होते. बुंदी पाकातून काढावी आणि लाडू आपोआप वळला जावा, तसं. एका मिलिमीटरात सदतीस हजार मावतील एवढी लहान गोळी. तिच्यात विषाणू नाही, रोग नाही, नुसतं कवच. मी त्या प्रत्येक बुंदीला लाळ-खुरकतीच्या विषाणूचा एक तुकडा जोडला. गोळी वळली की हे तुकडे चारी बाजूंनी बाहेर डोकावतात. जनावराच्या शरीराला वाटावं की खुरकतच आली, आणि त्याने तयारीला लागावं. आज आपण टोचतो त्या लशीसाठी खरा विषाणू आधी कारखान्यात जिवंत वाढवावा लागतो. तो निसटला तर साथ. माझ्या गोळीतून निसटायला काही नाहीच.

तुकडा ओ टाइपचा आहे. ओ, ए, सी आणि एशिया-वन, या चार टाइपांपैकी एकातून उठलेलं जनावर दुसऱ्याला ओळखत नाही, हे कॉलेजात तुम्हीच मला शिकवलं होतं.

आता काम. खुरकतीतून बरी झालेली जनावरं माझ्या गोळीला ओळखतात का, ते बघायचं आहे. त्यासाठी त्यांच्या रक्ताचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, हवं. तुमचा दवाखाना आहे त्या झरीला साथ आली तर थोडं पाठवाल का? तुम्हाला दवाखान्यातून फुरसत मिळाली तरच.

आईला नमस्कार.
तुमची
हेमा


परभणी
११ मार्च १९८९

कु. हेमाताई यांना स. न. वि. वि.

फोटो मिळाला. तुमच्या दादांनी तो ऑफिसात नेला, मग गल्लीत दाखवला, आता तो देवघराशेजारी टाचलेला आहे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की हे आमच्या हेमाने केलेले लाडू. मला विचारलं जातं की यातलं तुम्हाला काही कळतं का. मी म्हणते, थोडंफार.

साथ आली. जानेवारीच्या शेवटी उसाच्या गाड्या झरीवरून गेल्या आणि आठ दिवसांत साठ-सत्तर जनावरं तोंडातून लाळ गाळू लागली. चतुराबाई म्हणून एक विधवा बाई आहे, दोन बैलांवर तिची सगळी शेती. दोन्ही बसले. मी आणि आमचे पट्टीबंधक सिताराम सकाळी परभणीहून पहिल्या एस.टी.ने जायचो आणि शेवटच्या एस.टी.ने यायचो. खुरं धुणं, तोंडात बोरोग्लिसरीन लावणं, एवढंच हातात असतं. तिचे बैल उठले.

काल त्या बऱ्या झालेल्यांतल्या बावीस जनावरांचं रक्त घेतलं. तुम्ही म्हणता तसा फुरसतीचा प्रश्न आलाच. रक्त घेताना एका वळूने सितारामला कुंपणावर फेकलं, तरी नळी त्याने हातातून सोडली नाही. सीरम काढून थर्मासात बर्फ घालून पाठवते आहे. माझे मामा, पूर्ण्याचे बन्सीधर, रेल्वेत गार्ड आहेत. ते सिकंदराबादपर्यंत नेतील आणि पुढच्या गाडीच्या गार्डाकडे देतील. बंगलोर स्टेशनवर तुम्ही हजर राहा.

आजारी जनावरांच्या जिभेवरची साल टायपिंगला, म्हणजे विषाणूचा टाइप ओळखायला, पाठवली होती. रिपोर्ट यायचा आहे. मागच्या दोन्ही साथी ओच्याच होत्या.

कळावे,
सौ. अंबिका


बंगलोर
९ एप्रिल १९८९

सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

थर्मास मिळाला. बर्फ अजून खुळखुळत होता. बावीसच्या बावीस नळ्या, प्रत्येकीवर तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात नंबर. आमच्या प्रयोगशाळेचे सर बघून म्हणाले, हे कुणी केलंय? मी म्हणाले, माझ्या वहिनीने, खेड्यातल्या दवाखान्यात.

आणखी एक सांगायचं आहे, आईला आधी सांगू नका, मीच लिहीन. सप्टेंबरात दिल्लीला मोठी परिषद आहे. तिथे हे काम मी मांडावं असं सरांनी ठरवलं आहे. आणि ते नीट झालं तर एक वर्ष इंग्लंडला पाठवायचा त्यांचा विचार आहे. मला झोप येत नाही. साडी नेसावी की पंजाबी ड्रेस घालावा, याचाही विचार करते आहे, हसू नका.

टायपिंगचा रिपोर्ट आला का? तो हाती आला की मी नळ्या लावायला, म्हणजे गोळीशी तपासून बघायला घेते.

हेमा


परभणी
३० एप्रिल १९८९

कु. हेमाताई यांना स. न. वि. वि.

अभिनंदन. सासूबाईंना मी काही बोलले नाही, पण तुमचं पत्र त्यांच्या हातीच आधी पडलं. पेढे वाटून झाले. आता तुमच्या इंग्लंडच्या थंडीसाठी त्या लोकर आणायला निघाल्या आहेत, परभणीत बेचाळीस डिग्री असताना.

रिपोर्ट आलेला नाही. नामांतराच्या बंदमुळे मध्ये चार दिवस एस.टी. नव्हती, टपालही तुंबलं आहे. पण थांबू नका. रोगाची लक्षणं, जनावरं, गाव, सगळं मागच्यासारखंच होतं. ओच धरून चाला.

साडी नेसा. साडीत तुम्ही वयाने मोठ्या दिसता, लोक ऐकून घेतात.

सौ. अंबिका


बंगलोर
२१ ऑगस्ट १९८९

सौ. वहिनी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. तुमच्या बावीस जनावरांनी माझ्या गोळीला ओळखलं नाही. एकानेही नाही. मी पाच वेळा करून पाहिलं. गोळी नवी केली, सीरम पातळ केलं, घट्ट केलं. शून्य.

नुसता सुटा तुकडा टोचलेल्या सशांचं सीरम गोळीला ओळखतं, म्हणजे तुकडा आहे. पण सर म्हणतात, सशाचं काय घेऊन बसलीस, ज्या जनावराने खरा रोग भोगला तेच ओळखत नसेल तर तुझा तुकडा गोळीवर वेडावाकडा बसला आहे. सगळं मोडून पहिल्यापासून करायला सांगितलं आहे. दिल्लीचं भाषण माझ्याऐवजी दुसऱ्याला दिलं. तो मागच्या वर्षी आलेला मुलगा आहे, माझ्याकडून टिप्स घ्यायचा.

आणि वहिनी, एक खरं सांगू? मला तुमचा फार हेवा वाटतो. आईच्या प्रत्येक पत्रात तुम्ही असता. अंबिकाने अमक्याची म्हैस सोडवली, अंबिकाला झरीच्या लोकांनी शेंगांचं पोतं आणून दिलं. तुम्ही हात लावता आणि जनावर उठून उभं राहतं. माझ्याकडे आहे काय, तर एक फोटो. मी तीन वर्षांत एका गाईच्या पाठीवरून हात फिरवलेला नाही.

तो रिपोर्ट कधीच आला नाही का?

हेमा


परभणी
१० सप्टेंबर १९८९

कु. हेमाताई यांना स. न. वि. वि.

वाईट वाटलं. पण संशोधनात असं चालायचंच, तुमचे सरच सांगतील. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. तब्येत आधी.

रिपोर्टाचं विचारू नका, सरकारी कागद कुठे हरवतात ते कुणालाच कळत नाही.

सासूबाईंनी लोकरीचं विणकाम बाजूला ठेवलं आहे. नांदेडचं एक स्थळ आहे म्हणतात, मुलगा बँकेत आहे. हेमाचं फार झालं आता, असं परवा पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऐकलं.

सौ. अंबिका


बंगलोर
२९ ऑक्टोबर १९८९

सौ. वहिनी,

मी परत येते आहे. डिसेंबरअखेर फेलोशिप संपते, सर ती वाढवणार नाहीत. त्यांनी रागाने सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, तू मेहनती आहेस, पण प्रत्येकाचं इथे जमतंच असं नाही.

रडून झालं. आता मला बरं वाटतंय. मी ठरवलंय की तुमच्यासारखं काम करायचं. दादाने चौकशी केली आहे, झरीच्या दवाखान्यात दुसरी जागा मंजूर आहे म्हणे, आणि बंगलोरहून आलेल्या उमेदवाराला साहेब नाही म्हणणार नाहीत. म्हणजे आपण दोघी रोज एकाच एस.टी.ने जाऊ! चतुराबाईला मला भेटायचं आहे. तुम्ही मला पुन्हा शिकवा, मी सगळं विसरले आहे. आई तर इतकी खूश आहे की आधीच सगळ्यांना सांगत सुटली आहे, आता झरीला आमची हेमा येणार म्हणून.

हेमा


परभणी
६ नोव्हेंबर १९८९

हेमा,

ताई आणि तुम्ही आज बाजूला ठेवते. कॉलेजात मी तुला हेमा म्हणायचे आणि तू मला अंबिकाताई. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं की ती आता तुझी नणंद आहे, मानाने बोलव. आज मान ठेवला तर जे लिहायचं ते लिहून होणार नाही.

सोबत एक कागद आहे. तोच टायपिंगचा रिपोर्ट. वरची तारीख बघ. २९ मार्चला तो मला मिळाला. झरीची साथ ओची नव्हती. एशिया-वन होती.

तुझी गोळी ओची. माझ्या जनावरांनी तिला ओळखलं नाही, ते बरोबरच होतं. तुझा तुकडा कुठेही वेडावाकडा बसलेला नाही. ओ धरून चाल असं मी तुला लिहिलं, तेव्हा हा कागद दवाखान्यातल्या टेबलाच्या खणात होता. जिल्हा कार्यालयाला त्याची प्रत परस्पर गेली होती, त्यामुळे जनावरांचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते फक्त तुझं.

का केलं ते सांगते. तुला आठवत असेल, चौऱ्याऐंशीत माझी एम.व्ही.एस्सी.ला निवड झाली होती. आमच्या घरात कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं, आणि मी वर्गात पहिली. लग्न ठरलं आणि सासूबाई म्हणाल्या, शिक्षण पुरे, नोकरी करायची तर जिल्ह्यात कर. मी ऐकलं. दोनच वर्षांनी त्याच सासूबाईंनी तुला बंगलोरच्या गाडीत बसवलं. तुझी पेटी मी उचलली होती. तू गाडीतून हात हलवत होतीस आणि मी मनात म्हणत होते की हिला दुसऱ्या वर्षापर्यंत यकृताच्या स्लाइडी ओळखू येत नव्हत्या.

तुझा फोटो देवघराशेजारी लागला. मी रोज तिथे दिवा लावते. माझं सुवर्णपदक कुठे आहे, ते या घरात कुणाला माहीत नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी लगेच पाठवणार होते. पाकिटावर पत्ताही लिहिला. बंदमुळे टपाल अडलं, आणि तेवढ्यात दिल्लीच्या परिषदेचं तुझं पत्र आलं. मी ठरवलं, आठ दिवसांनी पाठवू. आठाचे पंधरा झाले. नंतर तू शून्य आलं असं लिहिलंस. ते पत्र मी एस.टी.त दोनदा वाचलं आणि त्या दिवशी मला बरं वाटलं. हेही लिहिते. मला बरं वाटलं.

मला पश्चात्ताप झाला म्हणून कबूल करते आहे, असं समजू नकोस. तो असेल कुठे तरी. पण आज हे लिहायला बसवलं ते तुझ्या झरीच्या पत्राने. काल चतुराबाई विचारत होती, "तुमच्या घरून दुसरी डाक्टरीण येनार हाय म्हनं. लय शिकलेली हाय का? मंग तुमी कुठं जानार?" हेमा, तू इथं आलीस की सहा महिन्यांत झरीही तुझी होईल. तुला कुणाचाही लळा लागतो आणि लोकांनाही तुझा. माझ्याकडे ते एकच गाव आहे. ते मी देणार नाही. तू तिथेच राहा.

आणखी एक. मामांकडे दुसरा थर्मास दिला आहे. त्यात अकरा नळ्या आहेत. सत्याऐंशीच्या हिवाळ्यातली झरीची साथ, टाइप ओ, रिपोर्ट जोडला आहे. कधी तरी आपणही काही करू म्हणून मी त्या कॉलेजच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवल्या होत्या. तू मागितलंस तेव्हाही त्या होत्या.

या नळ्या लाव. मग सरांकडे जा.

अंबिका


बंगलोर
२७ जानेवारी १९९०

वहिनी,

अकरापैकी नऊ जनावरांनी गोळीला ओळखलं. पहिल्याच खेपेला, आणि इतकं ठळक की चाचणीच्या ताटलीतले खड्डे पिवळेधमक झाले. तुमच्या जुन्या बावीस नळ्या शेजारी पुन्हा लावल्या, त्या पुन्हा कोऱ्या. फेलोशिप दोन वर्षं वाढली.

तुमचं पत्र वाचून मी काय केलं, ते लिहीत नाही.  सहा महिने मी माझ्या हातांना दोष देत होते. ताटल्या धुताना मला वाटायचं की माझ्या बोटांतच काही वाईट आहे. ते मी विसरेन असं नाही.

पण आज दुसऱ्याच कारणासाठी लिहिते आहे. दोन्ही ताटल्या शेजारी ठेवून सरांनी एकेक खड्डा तपासला. ते म्हणाले, नुसत्या नऊ नळ्यांनी लेख झाला नसता. ओची जनावरं ओळखतात आणि एशिया-वनची ओळखत नाहीत, म्हणजे गोळीवरचा तुकडा खऱ्या विषाणूसारखाच आहे, हे त्या बावीस नळ्यांनी सिद्ध झालं. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या वहिनीने आधी टाइप न सांगता मुद्दाम पाठवलं ना, आपल्याला पारखायला?"

मी काहीच बोलले नाही. त्यांनी तोच होकार धरला. लेखात तुमचं नाव घालायचं म्हणाले. आणि जूनपासून एम.व्ही.एस्सी.साठी एक जागा आहे, पगारी रजेवर येता येईल, ती बाई येते का विचार, असंही म्हणाले. फेब्रुवारीअखेर कळवायचं आहे.

हे त्यांनी मला ५ तारखेला सांगितलं. मी आज लिहिते आहे. बावीस दिवस मी हे दाबून ठेवलं. तुम्ही इथे आलात तर वर्षभरात या टेबलाशी माझ्यापेक्षा चांगलं काम कराल, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. रोज ठरवायचे, उद्या लिहू. काल तुमचं पत्र पुन्हा काढलं, त्यातलं 'आठाचे पंधरा झाले' हे वाचलं आणि पेन हातात घेतलं.

सरांना खरं काय ते मी सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही. सांगितलं तर सूड होईल, नाही सांगितलं तर तुम्ही इथे याल. दोन्ही मला नको आहे.

हेमा


परभणी
२५ फेब्रुवारी १९९०

हेमा,

तुझं पत्र २ तारखेला दवाखान्याच्या पत्त्यावर आलं. त्या दिवशी मी झरीला जाऊन आले, जनावरं तपासली, नोंदी केल्या. घरी आले आणि ट्रंकेतून पदक काढून बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. लेखावर माझं नाव कसं दिसेल ते कागदावर लिहूनही पाहिलं, तुझ्या नावाच्या खाली. मग वर. तुला सगळं सांगायचं ठरवलंय, म्हणून हेही सांगते.

३ तारखेला सकाळी मी तुझ्या सरांना पत्र टाकलं. फार लिहिलं नाही. मी पारखलं नाही, लपवलं, एवढं लिहिलं, आणि रिपोर्ट मला कधी मिळाला त्याची तारीख. तुझा त्यात काही दोष नाही, हेही.

तुझ्या दादांना मी फक्त जागेचं बोलले होते, त्याच संध्याकाळी त्यांनी ते सासूबाईंना सांगितलं. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या की मागच्या खेपेला मीच नको म्हणाले होते, या खेपेला जा, माझ्या लेकाच्या जेवणाचं मी बघेन. हेमा, सहा वर्षं मी हे ऐकायला थांबले होते, आणि सकाळच्याच टपालात माझं पत्र गेलं होतं. मी म्हणाले, आता जायचं राहिलं नाही. का, ते विचारलं त्यांनी. मग मी काही लपवलं नाही.

त्या बराच वेळ सुपातले गहू निवडत बसल्या. मला वाटलं आता बोलतील, तुझ्या बाजूने, माझ्या माहेराला लावून. शेवटी मान वर न करता म्हणाल्या, "तेव्हाच माझ्यावर राग धरायचा होतास. त्या लेकरावर कशाला धरलास?"

मी उठून देवघरात दिवा लावला. 

२० तारखेला सरांचं कार्ड आलं. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. लेखकांत माझं नाव नसेल, सीरम पुरवल्याबद्दल आभारांत एक ओळ असेल. पुढच्या साथीत नमुने पाठवायचे असतील तर दवाखान्याच्या शिक्क्यानिशी, रिपोर्ट जोडून पाठवावेत. खाली त्यांनी हाताने लिहिलं आहे की सीरम उत्तम काढलं होतं. ते कार्ड मी कुणाला दाखवलं नाही. खणात ठेवलं आहे.

आता रडून झालं आहे, तुझ्यासारखंच. आता गोळी जनावरांना टोचाल, तेव्हा कोणत्या ताटलीत काय आलं ते मला कळव. मला राग येईल, तरी कळव. मला तुझा हेवा वाटतो आणि तो जाईल असं दिसत नाही. तू बावीस दिवस पत्र दाबून ठेवलंस हे वाचून मात्र मला पहिल्यांदा वाटलं की आपण सख्ख्या बहिणी असतो तरी असंच झालं असतं.

पाडव्याला घरी ये. सासूबाईंनी लोकर पुन्हा काढली आहे, तुझ्या खांद्याचं माप हवं आहे. तुला झरीला नेईन, चतुराबाईच्या हातची भाकर खाऊ घालीन, तिच्या बैलांच्या पाठीवरून खुशाल हात फिरव. चार दिवस राहा. पाचव्या दिवशी मी स्वतः तुझी पेटी उचलून तुला गाडीत बसवून देणार आहे.

अंबिका